डाव्या बाजूचा अबोला

माझ्या वडिलांनी काढलेलं एक घड्याळ माझ्याकडे आहे. फुलस्केप कागदावर, पेन्सिलीनं. वर्तुळ इतकं गोल की कंपास लावला असेल असं वाटावं, पण ते नुसत्या हातानं काढलंय. आकडे छापल्यासारखे, कारण वडील सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि वाकडा आकडा त्यांच्या हातून आयुष्यात पडला नाही. फक्त बाराच्या बारा आकडे घड्याळाच्या उजव्या अर्ध्यात आहेत, बाजाराच्या दिवशी एसटीत माणसं बसावीत तसे दाटीवाटीनं. डावा अर्धा भाग कोरा. त्या कोऱ्या भागात माझी आई जवळजवळ तीन महिने बसून होती.

पुढे मी मानसशास्त्र शिकले आणि मेंदूला मार बसलेल्या माणसांना असली घड्याळं काढायला लावणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. पण हे घड्याळ मी कुणाला शिकवायला वापरलं नाही. कपाटात तळाशी आहे. कधी दुपारी काढून बघते, आणि मग ती दुपार माझ्या हातची जाते.

वडिलांना मी दादा म्हणायची. सातपूरच्या अलीकडे आमची कॉलनी होती, दोन दोन खोल्यांची बैठी घरं, कोपऱ्यावर विहार, विहारामागं मैदान. ऐंशी साल उलटून गेलेलं होतं. कारखान्यांचे भोंगे दिवसातून इतक्यांदा व्हायचे की घरातलं घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं अडायचं नाही. दादा मूळचे सायखेड्याचे. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणी टेबलावर बसून काम केलेलं नव्हतं, म्हणून त्या टेबलाचा त्यांना फार मान होता. कारखान्यातून ते रद्दीतले ड्रॉइंगचे प्रिंट आणायचे आणि माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं घालायचे. निळसर रेघांची चाकं, दाते, माप लिहिलेले बाण. वर्गात मुलींच्या वह्यांवर फुलं आणि नट्या, माझ्या वहीवर गिअर. त्या कागदांना अमोनियाचा वास यायचा. अजून कुठं तो वास आला की मला झोप आल्यासारखं होतं, आणि कुणीतरी शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढतंय असं वाटतं.

त्या पावसाळ्यात घरात अबोला होता.

झालं असं, की विहाराच्या कमिटीनं मागच्या खोलीत बालवाडी काढायचं ठरवलं. आई जुनी मॅट्रिक. कमिटीच्या माणसांनी विचारलं, आईनं लगेच हो म्हटलं आणि खोलीची किल्लीसुद्धा घेऊन आली. घरी सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, दोन दिवस ती योग्य वेळ शोधत होती. तेवढ्यात दादांकडे बसस्टॉपवर कुणीतरी पेढे मागितले.

संध्याकाळी ते घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, "तू मास्तरीण झाली म्हणं."

"सांगणारच होते," आई म्हणाली.

"सांगणार व्हती. पण ठरवलं तर मला डावलूनच ना."

एवढंच. त्यांची नोकरीला ना नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण जी गोष्ट आपल्या घरात शिजली ती आपल्याला बसस्टॉपवर कळावी, हे त्यांना लागलं. डावलून हा शब्द त्यांनी असा म्हटला की आईनं हातातली परात खाली ठेवली.

अबोला कसा असतो ते ज्याच्या घरात धरला गेलाय त्यालाच माहीत. त्यात बोलणं बंद नसतं, उलट वाढतं, फक्त ते सगळं तिसऱ्या माणसाच्या अंगावरून जातं. आमच्या घरात तिसरं माणूस मी. "तुझ्या आईला म्हणावं, डब्यात लोणचं नको." आई तिथंच, दोन हातांवर. "तुझ्या दादांना म्हणावं, लोणचं संपलंय." मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, मानसशास्त्र हा विषय घेतलेला होता, आणि घरात पोस्टमन. शिवाय नजरेचा एक नियम असतो. ती समोरून आली की ह्यानं भिंतीकडे बघायचं, हा आला की तिनं चुलीकडे. आणि जो आधी बोलेल तो हरला. दोघंही हरणाऱ्यांतले नव्हते. मी दोघांवर चिडलेली होते आणि मनातून मला हसूही यायचं, कारण दोघंही एकमेकांच्या ताटाकडे चोरून बघायचे, काय कमी आहे म्हणून.

बाराव्या दिवशी दादा कारखान्यात ड्रॉइंग बोर्डवर काम करत असताना त्यांच्या डाव्या हातातून रेघा ओढायचा लांब टी-स्क्वेअर सुटला. तो खाली पडला तरी ते रेघ ओढतच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं उचलून दिला, तो परत सुटला. मग दादा खुर्चीतून डावीकडे कलले. अर्धांगवायू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता, म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी त्यांनी नीट डोळे उघडले. मी उजवीकडे स्टुलावर होते, आई डावीकडे त्यांचा पडलेला हात धरून हुंदके देत होती. दादांनी माझ्याकडे बघितलं. बोलणं स्वच्छ, एक शब्द अडखळला नाही. म्हणाले, "पोरी, का रडू राहिली?"

मी रडत नव्हते. रडत होती आई. तिचा हुंदका घशातच थांबला. पदरानं डोळे पुसले आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच अपराधी वाटलं. तिला जे कळायचं ते कळलं होतं. अबोला चालू होता.

वीस दिवसांनी घरी आणलं. रिक्षात मी दादांच्या उजवीकडे, आई डावीकडे. वाटेत चौकात सिटी बस आडवी आली, पाटीवर ठळक अक्षरांत सातपूर. दादा एकदम ताठ झाले.

"गंगेला पूर आलाय का?"

आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. रिक्षावाला म्हणाला, "नाय हो काका, पाऊसच कुठंय यंदा."

"बसवर लिहिलंय. पूर."

रिक्षावाल्यानं आरशातून मला बघितलं. मी दुसऱ्या बसची वाट बघितली. ती आली. दादांनी परत वाचलं, पूर, आणि काळजीनं म्हणाले की नदीकाठच्या लोकांना हलवलं असेल ना. मला तेव्हा काही कळलं नाही. सातपूरमधला सात कुठं गेला, हा प्रश्न मी घरापर्यंत मांडीवर घेऊन बसले होते.

घरी बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट टाकली होती. दादांच्या उजव्या हाताला खिडकी, खिडकीखाली माझं स्टूल आणि पुस्तकं. डाव्या हाताला मोकळी जागा, स्वयंपाकघराचं दार आणि रस्त्याचं दार, दोन्ही त्याच बाजूला. आई येणार ती डावीकडून, जाणार ती डावीकडे. शिवाय मालिश करायचं तो हातही डावाच. सकाळ-संध्याकाळ ती कोमट तेलाची वाटी घेऊन त्या हाताशी बसायची, खांद्यापासून एकेका बोटापर्यंत तेल जिरवायची. दादा माझ्याकडे बघून कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहायचे. हात कुणाचा आणि त्याला कोण चोळतंय, याची त्यांना दखलच नसायची. आईनं काही विचारलं तर उत्तर द्यायचे, पण खिडकीकडे, म्हणजे मला.

"दुखतंय का?" आई विचारायची.

"नाय गं पोरी," दादा मला म्हणायचे.

"बघ," आई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "विचारते मी, उत्तर तुला. पूर्वी निरोप तरी धाडायचे."

कधी ती खाटेच्या पायथ्याशी, समोर येऊन उभी राहायची. दादा क्षणभर बघायचे, ओळखीचं काहीतरी डोळ्यांत यायचं, आणि मान हळूहळू उजवीकडे वळायची, वाऱ्यानं दाराचं पान वळावं तशी. "तोंड फिरवलं," आई म्हणायची. मला ते तसंच दिसायचं. खोटं कशाला सांगू, मला दादांचा भयंकर राग यायचा. बाई दिवसभर राबतेय, अन् माणूस बारा दिवसांचा रुसवा तीन महिने जपतोय.

जेवणाचं गणितही असंच. आमच्याकडे ताटात चटणी, कांदा, लिंबू डाव्या बाजूला, हे आईचं पक्कं. दादा भाकरी खायचे ती उजवी अर्धी. मध्ये सुरीनं कापल्यासारखी कड राहायची. मग म्हणायचे, "पोरी, भाकर संपली." डावीकडे अर्धी भाकरी, चटणी, कांदा, सगळं जसंच्या तसं. आईला चटणी न खाल्लेलीच दिसायची. दादांना लसणाची चटणी जिवापाड आवडायची आणि ती फक्त आईच्या हातची.

एकदा मला कॉलेजला उशीर होत होता. त्यांच्या मांडीवरचं ताट उचलताना घाईत ते हातात गोल फिरलं आणि पुन्हा टेकलं. दादा बघतच राहिले. "अगं, चटणी हाय की," ते म्हणाले. "कवा वाढली?" आणि त्यांनी उरलेली अर्धी भाकरी चटणीशी पुसून खाल्ली. मी उभीच. त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. ताट फिरवत बसले. चटणी उजवीकडे आली की ती असायची, आणि डावीकडे गेली की ती नसायची. नावडती नव्हे, नकोशी नव्हे. नसायचीच.

हे मी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. तरुण होत्या, मुंबईला मेंदूच्या आजारांचं शिकून आलेल्या, आणि घाई नसलेल्या. त्यांनी दादांना समोर बसवलं. आई त्यांच्या डाव्या खुर्चीत, मी दाराशी. बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पेरू, कात्री, पूल. शंभरातून सात सात वजा करायला लावलं. वस्तू दाखवून नावं विचारली, एक गोष्ट सांगून परत सांगायला लावली. दादांनी सगळं बिनचूक केलं, गोष्टीत तर बाईंची एक चूकही सुधारली. दहा मिनिटांनी विचारलं तर तिन्ही शब्द तय्यार.

मी आईकडे बघितलं. दादा एकेक परीक्षा पास होत होते आणि आईचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी ती न राहवून म्हणाली, "सगळं ध्यानात हाय त्यांच्या. पेरू हाय, कात्री हाय. मग मीच तेवढी नाय?"

मग बाईंनी कागद पुढं केला. त्यावर रेघाच रेघा होत्या, प्रत्येक रेघेवर काट मारायची. दादांनी उजवीकडच्या सगळ्या काटल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. "झालं," म्हणाले. डावीकडे निम्म्या तशाच. मग घड्याळ काढायला सांगितलं. तेच हे घड्याळ. त्यांनी ते मान थोडी मागं घेऊन बघितलं, कामावर बघायचे तसं, आणि समाधानानं कोपऱ्यात सही केली. उजव्या कोपऱ्यात. एक मिलिमीटर चुकलं तर रात्रीचं जेवण न जाणारा माणूस.

बाईंनी आपल्या उजव्या कानाच्या वर, थोडं मागं बोट ठेवलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. म्हणाल्या, मेंदूत सगळं एकाच डब्यात भरलेलं नसतं. बोलणं बहुतेकांचं डाव्या मेंदूत, ते यांचं शाबूत आहे. आठवणी साठवायची सोय आतल्या भागात, तिलाही धक्का नाही. पण आपल्या भोवतीची जागा सांभाळणं, कुठं काय आहे तिकडे लक्ष नेणं, हे काम उजव्या मेंदूच्या या मागच्या भागाकडे जास्त असतं. कारखान्याच्या गेटवर दोन पहारेकरी आहेत असं समजा. डाव्या मेंदूतला फक्त उजवी बाजू बघतो. उजव्या मेंदूतला दोन्ही बाजू बघतो. डावीकडचा पहारेकरी पडला तर फार बिघडत नाही, दुसरा सांभाळून घेतो. पण हा उजवीकडचा पडला की डाव्या बाजूला कुणीच उरत नाही. डोळे चांगले असतात. दिसत असतं. पण तिकडे जग आहे हेच मेंदूला ठाऊक नसतं.

"मराठीत काय म्हणावं याला," बाई म्हणाल्या, "दुर्लक्ष म्हणतात, पण ते काही बरोबर नाही. दुर्लक्ष करायलासुद्धा आधी ती वस्तू असावी लागते."

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "डावलणं म्हणा की."

बाई हसल्या आणि त्यांनी तो शब्द कागदावर लिहून घेतला. डावा, डावलणं. मीही जन्मभर तो शब्द वापरला होता आणि त्याच्या आत डावा हात आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. पण आई हसत नव्हती. तिनं तो शब्द बाईंना दिला नव्हता, दादांना परत केला होता. बूट काढता काढता त्यांनी तिला दिला होता तो.

घरी येताना ती म्हणाली, "डॉक्टर शिकलेल्या हायेत. पण डावलणारा माणूस उगाच नाय डावलत. मी आधी डावललं, आता ते डावलतात. फिटंफाट."

मी खूप समजावलं. पहारेकरी सांगितले, भाकरी सांगितली. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. मी म्हटलं, मग तू उजवीकडे, माझ्या स्टुलावर येऊन बस ना एकदा. तर म्हणाली, "मी कशाला जाऊ समोर? त्यांना बघायचं असंल तर बघतील." अर्धा मेंदू गेलेल्या माणसाशीसुद्धा ती अबोल्याचे नियम पाळत होती. शिवाय बाईंनीही सांगितलं होतं की डावीकडूनच बोलत जा, म्हणजे तिकडे वळायची सवय लागेल. आईला आयतंच झालं.

त्या दिवसांत दुपारी मी दादांच्या खाटेजवळ सतरंजीवर आडवी पडायची. दुसऱ्या पाळीचा भोंगा होऊन गेला की कॉलनीवर एक जाड शांतता यायची. मी डोळे अर्धे मिटून दादांच्या जगात जायचा प्रयत्न करायची. डावा डोळा हातानं झाकून बघितला, पण ते खोटं होतं, तिथं अंधार दिसायचा. दादांना अंधार दिसत नव्हता. मग एकदा मला सुचलं, माझ्या पाठीमागं आत्ता काय आहे? पाठीमागचं जग काळं दिसतं का? काळं नाही, पांढरं नाही, काहीच नाही, आणि त्याचं आपल्याला दुःखही नाही. दादांची पाठ पुढं सरकून डाव्या बाजूपर्यंत आली होती. ते सुचलं आणि माझं अंग हलकं झालं. खोली, खाट, तेलाची वाटी, सगळं पाण्यावर तरंगायला लागलं. अर्ध्या खोलीत ऊन, अर्धी खोली गेलेली, आणि त्या गेलेल्या अर्ध्या खोलीत कुणीतरी बसून हळूहळू हात चोळतंय, चोळतंय, आणि खोलीला त्याचा पत्ता नाही. झोपेतसुद्धा मला कळायचं की ती आई आहे. मला तिला हाक मारायची असायची, पण दादांच्या जगात डावीकडे हाक जात नव्हती.

आश्विन लागला असेल. एके दुपारी आईनं खुंटीवरची बालवाडीची किल्ली घेतली. इतके दिवस शेजारची एक मुलगी मुलांना सांभाळत होती आणि किल्ली आमच्या खुंटीला नुसती लटकत होती. आई म्हणाली, "देऊन येते कमिटीला. सांगते, दुसरी बाई बघा."

"आई, नको."

"हिच्यापायी झालं सगळं. किल्ली गेली की कदाचित बघतील माझ्याकडं."

मला रडूच कोसळलं. पावसाळ्यापूर्वी कुणी सांगितलं असतं की आईला कशाची हौस आहे, तर मी हसले असते. पण अबोल्याच्या बारा दिवसांत तिनं बालवाडी चालवली, तेव्हा ती भाकऱ्या थापताना गाणी म्हणायची, कागदाची पाखरं करायची, आणि तिचा आवाज वेगळाच यायचा, थोडा उंच. तो आवाज घराला पुन्हा ऐकू येणार नव्हता. मी म्हटलं, उद्या दे. ती चप्पल घालून गेली.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत वळले तर स्टुलावर दादांचं सकाळचं ताट होतं. डावीकडे चटणी. आणि मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना, की मी शेजारी गेले. शेजारचे काका टर्नर, त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी, घरी झोपलेले. त्यांना उठवलं. "काका, खाट फिरवायची आहे."

आम्ही दादांना उचलून खुर्चीत बसवलं.

"काय चाललंय?" दादांनी विचारलं.

"खाट फिरवतोय. उशाची बाजू पायथ्याला."

"का बरं?"

"वारा येईल," काका म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण कॉलनीतली माणसं अशी होती.

खाट ओढताना फरशीवर चरे पडले, ते ओरखडे घर विकेपर्यंत होते. दादांना परत निजवलं, पाठीला उशी दिली. आता खिडकी त्यांच्या डावीकडे गेली, दोन्ही दारं उजवीकडे आली. दादांनी इकडेतिकडे बघितलं, म्हणजे उजवीकडेच. "खिडकी बुजवली का?" त्यांनी विचारलं. काका डोकं खाजवत घरी गेले. मी खिडकीशी माझ्या जागी जाऊन उभी राहिले आणि दारातून रस्त्याकडे बघू लागले.

आई लवकर परतली. हात रिकामे होते. किल्ली दिली होती. दारात चप्पल काढताना तिचं लक्ष जमिनीकडेच होतं, त्यामुळे खाट फिरली आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं मान वर केली तेव्हा दादा थेट तिच्याकडे बघत होते. मान वळत नव्हती. ती उजव्या बाजूलाच उभी होती, वळून जाणार कुठं?

"आज बालवाडी लवकर सुटली?" दादा म्हणाले.

आईनं मागं वळून बघितलं, दारात आणखी कुणी आहे का म्हणून.

"रोज लय उशीर होतो तुला," दादा म्हणाले. "दिवसभर दिसतच नाय. मी आपला मनाशी म्हणतो, आता आली असंल, मग आली असंल. पोरं त्रास देतात का?"

म्हणजे इतके दिवस ते असं समजत होते. घरात ती दिसत नाही, तेव्हा ती कामावर असणार. मेंदूनं नाहीशा झालेल्या बाजूला पटेल असं एक कारण लावून घेतलं होतं, आणि त्या कारणावर त्यांचा राग नव्हता. ते वाट बघत होते. आणि हे ते मला मध्ये न घेता बोलत होते, तिला, तिच्या तोंडाकडे बघून.

आईनं घसा साफ केला.

"नाय," ती म्हणाली, "पोरं चांगली हायेत."

"मग झालं."

ती तशीच उभी राहिली. एकदा रिकाम्या हाताकडे बघितलं. मग काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. "मी आलेच," तिनं दादांना सांगितलं. दादांना, मला नाही. "एक वस्तू राहिली कमिटीकडं. उद्यापासून उशीरच होईल मला."

"सावकाश ये," दादा म्हणाले.

ती जवळजवळ पळत गेली. दारातून, अंगणातून, रस्त्यापर्यंत दादांची नजर तिच्या मागं गेली. ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तरी ते दाराकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक साधं, निवांत समाधान होतं. मला हसू आलं, डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. मी खिडकीपासून दोन पावलं पुढं आले.

"दादा, चहा टाकू?"

दादांनी रिकाम्या दाराकडे बघून उत्तर दिलं. "तिला येऊ दे. आणि पोरगी कॉलेजातून आली का गं?"

आता डावीकडे मी होते. आई हे तीन महिने सोसत होती. मग मी कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, खाली बसले, आणि त्यांचा डावा हात मांडीवर घेतला.